जॉर्जियात रुजलेले ग्रामदान

विनोबांचे ग्रामदान, म्हणजे जमिनीची मालकी साऱ्या गावाकडे सोपवण्याची चळवळ, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यापर्यंत पोचले होते, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असेल. १९६९ साली ऑल्बनी शहराजवळ चार्ल्स आणि शर्ली शेरॉड या दांपत्याने सहकाऱ्यांसह कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था काढली आणि सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. इस्राएलमधल्या सहकारी शेतवसाहती आणि ग्रामदान, ही दोन उदाहरणे त्यांच्यापुढे होती. मालकी संस्थेची, कसणाऱ्या कुटुंबांकडे दीर्घ मुदतीचा पट्टा. कोणा एकाला जमीन परस्पर विकता येऊ नये, हा हेतू.

या हेतूला मोठा इतिहास आहे. १९२० साली अमेरिकेत सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. बहुतेक कुळे, पण दोन लाखांहून अधिक जण स्वतःच्या जमिनीचे मालक. आज सगळे मिळून पन्नास हजारही नाहीत.

या घसरणीमागे दहशत होती, कर्ज नाकारणे होते. पण सर्वांत बेमालूम लूट झाली ती वारसाहक्कातून. कोर्टकचेरीवर विश्वास नसल्याने अनेक कुटुंबांत मृत्युपत्र होतच नसे. जमीन साऱ्या वारसांच्या सामाईक मालकीची व्हायची. मग दूर शहरात गेलेल्या एखाद्या पुतण्याचा चिमूटभर हिस्सा एखादा व्यापारी विकत घ्यायचा आणि वाटपाचा दावा ठोकायचा. कोर्ट तुकडे पाडण्याऐवजी अख्खी जमीन लिलावात काढायचे आणि ती पडेल भावाने जायची. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेली माणसे बेघर होत, तीही कायदेशीरपणे! कायद्याचे प्राध्यापक थॉमस मिचेल यांनी आखलेला नमुना कायदा २०१० साली पुढे आला. त्यानुसार दावा लावणाऱ्याचा हिस्सा रास्त किमतीला विकत घेण्याची पहिली संधी इतर वारसांना मिळते. अनेक राज्यांनी तो स्वीकारला आहे.

न्यू कम्युनिटीजला मात्र दुष्काळाने गाठले. सरकारी आपत्ती-कर्ज अडवून ठेवले गेले आणि १९८५ मध्ये जमीन हातची गेली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी अशाच अडवणुकीबद्दल कृषी खात्याविरुद्ध लढलेल्या पिगफर्ड खटल्यात १९९९ साली तडजोड झाली. तिच्या आधारे २००९ मध्ये संस्थेला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्यातून २०११ साली १,६३८ एकरांचा मळा घेतला गेला. एकेकाळी तो गुलामांच्या श्रमावर चालत असे. आज तिथे पेकन या कवचफळाच्या बागा आहेत.

पेकनला फळ धरायला काही वर्षे जावी लागतात. जमीन उद्या आपली असेल याची खात्री नसलेला शेतकरी असे झाड लावणार नाही, हिरवळीचे खतही गाडणार नाही. अलाबामातल्या टस्कगी संस्थेचे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी कापसाने खंगलेल्या मातीत भुईमूग आणि चवळी पेरायला शिकवले. पण तीच जमीन पुढे लिलावात गेली, तर ती मेहनत कोणाच्या पदरात पडणार? म्हणूनच १९६७ पासून दक्षिणेत काम करणारा सहकारी संस्थांचा महासंघ अलाबामातल्या एप्स गावी वनशेती आणि शेळीपालन शिकवतो, आणि मृत्युपत्र व वारसनोंदी मार्गी लावायलाही शेतकऱ्यांना मदत करतो.