फायूमची मेणचित्रे आणि त्यांच्या हस्तचित्रित प्रतिकृती

ईजिप्तवर रोमन सत्ता असताना, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत, वस्त्रवेष्टित मृतदेहाच्या मुखाच्या जागी त्या व्यक्तीचे लाकडी फलकावर रंगविलेले चित्र बसविण्याची चाल होती. अशी सुमारे एक हजार चित्रे आज ज्ञात आहेत. त्यांपैकी पुष्कळशी फायूम परिसरात सापडल्यामुळे सर्वच चित्रांना 'फायूम व्यक्तिचित्रे' हे नाव रूढ झाले. १८८७ मध्ये एर-रुबायात येथील फलक व्हिएन्नाचा व्यापारी थिओडोर ग्राफ याच्या हाती आले. पुढच्याच वर्षी फ्लिंडर्स पीट्रीला हवारा येथे उत्खननात असे फलक मिळाले, आणि त्याने ते लंडनमध्ये पिकॅडिलीच्या ईजिप्शियन हॉलमध्ये मांडले. तेव्हापासून चित्रकारांनी या मुखांच्या प्रतिकृती हाताने रंगविण्याचे प्रयत्न केले आहेत. या प्रतिकृतींतून नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या नकला जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात केल्या, त्यांचा हेतू दृश्याची नोंद ठेवणे हा होता. मूळ चित्रकाराने वापरलेली माध्यमेच वापरावीत असा त्यांचा आग्रह नव्हता. फायूमच्या फलकाची प्रतिकृती करणारा बहुधा याहून अधिक काही साधू पाहतो. त्याला मुद्रा तर हवीच, पण ती ज्या क्रियेने उमटली ती क्रियाही हवी. पहिले काम नकलेचे, दुसरे प्रयोगाचे होय.

हा प्रयोग अवघड होण्याचे कारण मेण हे आहे. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. रंगद्रव्य मिसळलेले असे मेण कुंचल्यावर घेऊन फलकाला लावावे, तो ते काही क्षणांतच थिजते. तैलरंगाप्रमाणे छटा एकमेकींत हलकेच मिसळण्यास अवकाश राहत नाही. म्हणून चित्रकाराला मेण, हत्यार, कित्येकदा फलकही उष्ण ठेवावा लागतो. मूळ चित्रांवरील खुणा याला अनुरूप आहेत. पार्श्वभूमी व वस्त्रे कुंचल्याच्या वाहत्या फटकाऱ्यांनी भरलेली दिसतात, तर गाल, कपाळ व मान यांवर एखाद्या कठीण हत्याराने ओढलेल्या आखूड, वेड्यावाकड्या रेघा आढळतात. ही रेघ कुंचल्याने काढून पाहावी; ती तशी येत नाही. एवढ्या एका बाबतीत प्रतिकृतीचा पुरावा ग्रंथापेक्षा बलवत्तर ठरतो.

ग्रंथपुरावा म्हणजे मुख्यतः प्लिनी. मेण उन्हावाऱ्यात ठेवावे, सागरजलात पापडखारासारख्या नेट्रॉन या क्षारासह उकळावे व पुन्हा उन्हात पांढरे करावे, अशी 'प्युनिक मेणा'ची कृती त्याने दिली आहे. या क्षारामुळे मेणाचे अंशतः साबणीकरण होऊन ते पाण्यात कालवता येत असे आणि म्हणून थंड असतानाच वापरले जाई, असे एक मत आहे. मेण वितळवूनच रंगविले जाई, असे दुसरे. दोन्ही रीतींनी मुखचित्र काढता येते, हीच खरी अडचण आहे. काँट द केलूसच्या प्रेरणेने व्हिएन या चित्रकाराने १७५४ मध्ये मेणरंगात मिनर्व्हाचे मस्तक रंगविले, ते प्राचीन लेखकांच्या वचनांवर भिस्त ठेवून. फायूमचा मोठा साठा उजेडात येण्यास तेव्हा शतकाहून अधिक काळ होता. नंतरच्या चित्रकारांपुढे मूळ वस्तू आल्या, तरी वाद मिटला नाही.

रंगांच्या बाबतीत तर प्रतिकृतीने दिशाभूलही होऊ शकते. पांढरा, पिवळी माती, तांबडी माती आणि काळा या चारच रंगांनी ग्रीक आचार्य चित्रे काढीत, असे प्लिनी सांगतो. या चौकडीवर त्वचेच्या सर्व छटा साधता येतात. १९९५ मध्ये या चित्रांवर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या ग्रीक चित्रकर्त्री युफ्रोसिनी डॉक्सियाडिस यांनीही या परंपरेला महत्त्व दिले आहे. परंतु टेब्ट्युनिस येथील फलकांची नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ व बर्कलीचे हर्स्ट वस्तुसंग्रहालय यांनी तपासणी केली, तेव्हा डोळ्यांना निळे मुळीच दिसत नाही अशा भागांतही 'ईजिप्शियन निळा' आढळला. छटा शीतल करण्यासाठी आणि आराखड्याच्या रेषांसाठी तो वापरलेला होता. चार रंगांची प्रतिकृती कितीही हुबेहूब उतरली, तरी तेवढ्यावरून मूळ चित्रात चारच रंग होते असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

झळाळीचेही तसेच. रंग सुटू नयेत म्हणून पीट्रीने काही फलकांवर पॅराफिन मेण चढविले. आज दिसणारी चकाकी जशीच्या तशी उतरविणारा चित्रकार अशा ठिकाणी रोमन काळाची नव्हे, पीट्रीची प्रतिकृती करीत असतो!

फलकाकडे मात्र प्रतिकृतिकारांचे लक्ष कमी गेले आहे. बहुसंख्य मूळ फलक लिंडन या वृक्षाच्या लाकडाचे आहेत. हा वृक्ष ईजिप्तमध्ये होत नाही. लाकूड समुद्रापलीकडून येई. ते जेमतेम दोन मिलिमीटर जाडीपर्यंत तासल्यामुळे फलक देहाच्या गोलाईबरोबर वाकविता येत असे. जाड, सपाट फळीवर काढलेले चित्र भिंतीवर शोभेल, पण वेष्टनात बसणार नाही. अनेक फलकांचे वरचे कोपरे छाटलेले आहेत आणि पीट्रीला हवारा येथे लाकडी चौकटीत बसविलेले एक चित्रही मिळाले. त्यांवरून काही चित्रे हयातीत घरी टांगली जात असावीत, असा तर्क केला जातो. त्याची परीक्षा वाकणाऱ्या फलकावर रंगवूनच होईल. वाकविताना मेणाचा थर तडकतो की नाही, हे पाहावे लागेल.

टेब्ट्युनिसच्या एका फलकाच्या पाठीवर आराखडा असून रंगांविषयी ग्रीक भाषेत सूचना लिहिल्या आहेत. रंगविणाऱ्याला त्या उपयोगी पडाव्यात म्हणूनच त्या तेथे आहेत, आणि चित्र बसविल्यावर त्या वेष्टनाखाली झाकल्या जाणार होत्या.