गुडघे दुखतात म्हणून आई-बाबांचं चालणं बंद केलंय? आधी हे वाचा

साठीनंतर गुडघे कुरकुरू लागले की घरातून पहिला सल्ला येतो, 'आता आराम करा.' घोळ इथेच होतो. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून आणि त्यासाठी हालचाल लागते. बसून राहिलं की मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि झिजलेल्या सांध्यावरचा ताण आणखी वाढतो.

म्हणून झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, व्यायाम हाच पहिला उपचार. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, सावकाश खाली आणा. वजन जास्त असेल तर ते १ किलो घटलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी हलका होतो. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. अनेकजण नेमकी उलटी धरतात.

खरी भीती आहे ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीला इजा होते, रक्तदाब चढतो. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना धोका अधिक. त्यापेक्षा गुडघ्यावर लावायचं वेदनाशामक जेल बरं. त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं.

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर बहुधा झीज. तासभर टिकत असेल, बोटांचे सांधेही सुजले असतील तर आमवाताची तपासणी हवी. सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.