खंबायतेचं धावतं पाणी

सरकून बसा बरं सगळे. आजची गोष्ट जुनी आहे, पण अगदी खरी.

इसवी सन 915च्या सुमारास बगदादचा एक प्रवासी गुजरातेत खंबायतेला आला. नाव अल-मसूदी. भारी चौकस गडी! खंबायत तेव्हा बडं बंदर होतं. तिथल्या वहाणांची कीर्ती पार अरबांच्या मुलखात पोचली होती. पण मसूदीचं लक्ष वहाणांपेक्षा पाण्याकडे. ओहोटीला आखाताचा तळ उघडा पडला होता आणि त्या वाळूत एक कुत्रं हिंडत होतं. तेवढ्यात भरती आली. कुत्रं जिवाच्या आकांतानं किनाऱ्याकडे पळालं, पण पाण्यानं त्याला गाठलंच. बिचारं बुडालं. मसूदीनं हे लिहून ठेवलं, म्हणून तर मी तुम्हाला सांगतोय.

थापा वाटतात ना? मग ऐका.

समुद्राचं पाणी चंद्र ओढतो, थोडं सूर्यही ओढतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, की आलं उधाण. आपल्या मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. तेच पाणी खंबायतेच्या आखातात दहा मीटरांच्याही वर चढतं. चंद्र तोच, समुद्रही तोच. मग तिथेच एवढं का?

कारण आखाताचा घाट. तोंड चांगलं रुंद, आत जावं तसं चिंचोळं होत जाणारं, शिवाय उथळ. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागाच नाही, मग ते वर चढतं. दुसरं कारण जास्त गमतीचं. पाण्यानं भरलेली परात उचलून चाललात, तर पाणी हिंदकळतं. तुमची पावलं त्या हिंदकळण्याच्या तालात पडली, की ते काठावरून सांडलंच म्हणून समजा. प्रत्येक आखाताचाही असाच आपला ताल असतो. इथला ताल भरतीच्या साडेबारा तासांच्या फेऱ्याशी बराच जुळतो, म्हणून दर फेरीला पाण्याला आणखी रेटा मिळतो.

आणि कुत्र्याला गाठणारा वेग? उथळ पाण्यात लाटेचा पुढचा भाग रेंगाळतो. मागचं पाणी खोल असतं, ते वेगानं येऊन पुढच्यावर चढतं. होता होता पाण्याची भिंतच उभी राहते आणि खळाळत आत धावते.

खंबायतेचे नाखवे या पाण्याच्या जिवावर जगले. भरती लागली की शिडात वारा नसला तरी होडी आत यायची. आणि माल तरी किती! कापड, नीळ, अकीकाचे मणी. हा अकीक रतनपूरच्या खाणीतला. दगड मडक्यात घालून भाजायचे. आतल्या लोहामुळे त्यांना लालबुंद रंग चढायचा. हे मणी आफ्रिकेपर्यंत गेले. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथनं 1583 साली अकबराला पत्र धाडलं, तेव्हा त्याला खंबायतेचाच राजा म्हटलं होतं! दिल्ली-आग्रा तिच्या लेखी नसावंच.

पण पाणी रिकाम्या हातानं येत नाही हो. साबरमती, मही, नर्मदा, तापी, चौघी गाळ घेऊन याच आखातात उतरतात. भरती जोरात आत घुसते आणि गाळ ढवळून वर नेते. ओहोटी सावकाश परतते, तिला तो सगळा बाहेर ओढता येत नाही. वर्षानुवर्षं थरावर थर बसले. मोठी गलबतं बाहेरच, घोघ्याच्या बंदरात थांबू लागली, तिथून माल होड्यांनी आत जाई. सतराव्या शतकात व्यापार सुरतेकडे वळला, पुढे मुंबईनं तो सुरतेकडूनही काढून घेतला. लोक यासाठी खंबायतेच्या नवाबांना आणि लढायांना दोष देतात. तेही थोडं खरं, पण मला विचाराल तर मुख्य गुन्हेगार चिखलच.

आता गंमत ऐका. त्याच आखाताच्या पश्चिम काठावर, भावनगरच्या खाली अलंग आहे. 1983पासून तिथे जगभरची म्हातारी जहाजं मोडायला आणतात. एवढी अवजड धुडं किनाऱ्यावर ओढणार कोण? कोणीच नाही. कप्तान उधाणाच्या भरतीची वाट बघतो आणि पाणी पुरतं चढलं, की इंजिन जोरात सोडून जहाज सरळ किनाऱ्यावर घालतो. ओहोटीला पाणी निघून जातं, जहाज चिखलात रुतून बसतं, आणि मग माणसं गॅस-कटर घेऊन त्याच्या पोटात शिरतात.