न्यू हेवनच्या तीन भट्ट्या

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, न्यू यॉर्कच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरवर, न्यू हेवन हे समुद्रकाठचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या सुमारे १ लाख ३४ हजार. बाहेरच्यांना हे शहर येल विद्यापीठामुळे ठाऊक असते. पण तिथल्या जुन्या रहिवाशाला ‘इथे चांगला पिझ्झा कुठे मिळतो?’ असे विचारले, तर उत्तरात तीन नावे येतात: पेपे, सॅली आणि मॉडर्न. तिन्ही दुकाने १९२५ ते १९३८ या काळात सुरू झाली आणि आजही चालू आहेत. उत्तर देणारा तिन्ही नावे घेतो खरी, पण त्यांतल्या एकाच नावावर अडून बसतो. बाकीच्या दोघांबद्दल त्याच्याकडे तयार तक्रारी असतात.

हा हट्ट वरवर चवीचा दिसतो. थोडे खोलात गेले की कळते, त्याच्या मागे स्थलांतर आहे, कारखाने आहेत, कोळसा आहे आणि एका मोडलेल्या वस्तीची आठवण आहे.

सुरुवात शब्दापासून करू. न्यू हेवनमधल्या जुन्या पाट्यांवर ‘पिझ्झा’ नसतो, ‘अपिझ्झा’ असतो आणि त्याचा उच्चार ‘अबीट्स’ असा होतो. नेपल्सच्या बोलीत नामाआधीच्या ‘ला’ या उपपदातला ‘ल’ गळतो आणि नुसता ‘अ’ उरतो. तो ‘अ’ नामाला चिकटला, ‘प’ मऊ होऊन ‘ब’ झाला, शेवटचा स्वर बोलता बोलता गिळला गेला आणि ‘अबीट्स’ तयार झाले. प्रमाण इटालियन शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडी हा उच्चार येणार नाही. दक्षिण इटलीतून आलेल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या कष्टकऱ्यांची ही बोली आहे, आणि दुकानाच्या पाटीवर ती शंभर वर्षे टिकली आहे.

ही माणसे तिथे आली ती कारखान्यांमुळे. कुलपे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे बनवणारी सार्जंट कंपनी १८६४ मध्ये न्यू हेवनला आली. विंचेस्टरच्या बंदुकांचा कारखानाही याच शहरातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला या कारखान्यांना स्वस्त मजूर हवे होते, आणि नेपल्सच्या आसपासच्या कंपानिया प्रांतात गरिबी होती. एक माणूस आला की भाऊ, मेहुणा, शेजारी असे करत गावेच्या गावे त्याच्या मागे आली. अमाल्फीच्या किनाऱ्यावरून आलेले लोक वूस्टर स्क्वेअरच्या परिसरात स्थिरावले. पुरुष लोखंडाच्या कामाला, बायका कपडे शिवण्याच्या कारखान्यांत. आपापल्या गावाच्या ग्रामदैवतासारख्या असलेल्या संतांच्या नावाने त्यांनी मंडळेही काढली. आत्रानीहून आलेल्यांचे सांता मारिया मादालेनाचे मंडळ १८९८ मधले आहे.

फ्रँक पेपे हा त्याच किनाऱ्यावरच्या मायोरी गावचा. १९०९ मध्ये तो पोरसवदा वयात अमेरिकेत आला. पहिल्या महायुद्धात इटलीसाठी लढायला परत गेला आणि युद्धानंतर बायको फिलोमेनासह पुन्हा न्यू हेवनला आला. पाव भाजण्याच्या धंद्यातून त्याने १९२५ मध्ये वूस्टर स्ट्रीटवर पिझ्झाचे दुकान काढले. त्याच्या हाताखाली तयार झालेला भाचा साल्वातोरे कोन्सिल्यो, म्हणजेच ‘सॅली’, १९३८ मध्ये त्याच रस्त्यावर, चालत दोन-तीन मिनिटांवर, स्वतःचे दुकान थाटून बसला. मामा-भाच्यांच्या या दोन दुकानांनी गावाचे दोन तट पाडले. तिसरे दुकान, मॉडर्न, १९३४ पासून स्टेट स्ट्रीटवर आहे. ज्यांना वूस्टर स्ट्रीटच्या रांगेत उभे राहायचे नसते ते तिकडे जातात, असे बाकीचे म्हणतात. मॉडर्नवाले अर्थातच हे मान्य करत नाहीत.

आता भट्टीकडे वळू. नेपल्सचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत, ४३० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला, साठ ते नव्वद सेकंदांत भाजतात. तो मऊ आणि ओलसर राहतो, घडी घालून खाता येतो. न्यू हेवनला लाकडाऐवजी कोळसा आला, कारण पेनसिल्व्हेनियातल्या खाणींचा अँथ्रासाइट त्या काळी ईशान्य अमेरिकेतल्या घराघरांत आणि कारखान्यांत जळत होता. हा कोळसा कठीण असतो, धूर कमी करतो आणि बराच वेळ एकसारखी धग देतो. जळत्या लाकडातून वाफ निघते तशी त्यातून फारशी निघत नाही, त्यामुळे भट्टीतली हवा कोरडी राहते. तापमान नेपल्सपेक्षा कमी, तीनशे अंशांच्या थोडे वर असते. पिझ्झा तिथे काही मिनिटे राहतो. तेवढ्या वेळात रात्रभर आंबवलेल्या पिठाचा तळ कडक होतो, आतला भाग चिवट राहतो आणि कडेला काळे डाग उठतात.

हे काळे डाग पाहून नवखे गिऱ्हाईक ‘पिझ्झा जळलाय’ म्हणून परत पाठवू पाहते. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्याकडे ‘खरपूस’ आणि ‘करपलेले’ असे दोन वेगळे शब्द आहेत. चुलीवरच्या भाकरीचे डाग ज्याने खाल्ले आहेत, त्याला न्यू हेवनची कड कळते. भट्टी खोल असते, म्हणून पिझ्झा आत सारायची लाकडी फळी चांगल्या लांब दांड्याची लागते. तिच्यावरून निसटताना पिझ्झा गोल राहतोच असे नाही. तो वाकडातिकडा, लांबट होतो आणि तसाच, कागद अंथरलेल्या पत्र्याच्या ताटात समोर येतो. मॉडर्नची भट्टी विटांचीच, पण तेलावर चालते. पेपे आणि सॅलीच्या भक्तांना वादासाठी एवढा मुद्दा पुरतो.

मागणी नोंदवण्याचेही नियम आहेत. नुसता ‘प्लेन’ मागितला तर टोमॅटो आणि वर किसलेले कडक चीज एवढेच मिळते. मोझरेला हवे असेल तर वेगळे सांगावे लागते, कारण इथे ते कांदा-मिरचीसारखे वरून घालायचे जिन्नस मानले जाते. मजुराच्या घरात ते रोज परवडणारे नव्हते, आणि पदार्थाची मूळ व्याख्या त्याच्याशिवाय ठरली. पुढे हातात पैसे आले तरी व्याख्या बदलली नाही.

पेपेचा सर्वांत गाजलेला पिझ्झा तर टोमॅटोशिवायचा आहे. लिटलनेक नावाच्या लहान शिंपल्या, म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारखा प्रकार, पेपेकडे आधी कच्च्याच, सुरुवातीला खायला देत. १९६० च्या दशकात त्या पिझ्झावर गेल्या. सोबत लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल आणि किसलेले पेकोरिनो चीज. अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या माणसाला शिंपल्यांचे नवल नव्हते, आणि न्यू हेवनच्या दारात समुद्र होताच. नवा देश आणि जुने गाव या पदार्थात फारशी ओढाताण न करता एकत्र आले.

त्याच सुमारास ही वस्ती मात्र मोडत होती. १९५४ ते १९७० या काळात महापौर असलेल्या रिचर्ड ली यांनी नगर-पुनर्रचनेचा मोठा कार्यक्रम राबवला. माणशी हिशेबाने देशात सर्वाधिक केंद्रीय निधी मिळवणाऱ्या शहरांत न्यू हेवन होते. ओक स्ट्रीटची दाट, गरीब वस्ती एका जोडरस्त्यासाठी जमीनदोस्त झाली. महामार्ग ९१ वूस्टर स्क्वेअरच्या पूर्वेकडून गेला आणि घरे एका बाजूला, कारखाने दुसऱ्या बाजूला अशी फाळणी झाली. चौक आणि भोवतालची जुनी घरे वाचली, पण अनेक इटालियन कुटुंबे ईस्ट हेवन, वेस्ट हेवन, हॅमडेन अशा उपनगरांत गेली. पुढे कारखानेही आटले. विंचेस्टरचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला.

मागे राहिल्या त्या भट्ट्या. उपनगरात गेलेली कुटुंबे रविवारी रांगेत उभी राहायला परत येत राहिली. आजोबा पेपेकडे जात म्हणून नातू पेपेकडे जातो. कुणाची आजी सॅलीच्या बायकोला, फ्लोराला, ओळखत होती म्हणून ते घर सॅलीचे. ज्यांचे घर, गल्ली आणि कारखाना तिन्ही गेले, त्यांच्याकडे ‘आम्ही इथले’ हे सिद्ध करायला एक आवडते दुकान उरले. न्यू हेवनकर आपल्या निवडीवर इतका अडून का बसतो, याचे उत्तर इथे सापडते.

म्हणूनच आजचा बदल तिथे लोकांना लागतो. पेपेच्या वारसांनी २००६ मध्ये फेअरफील्डला दुसरे दुकान काढले. आता शाखा फ्लोरिडापर्यंत पोहोचल्या आहेत. सॅली १९८९ मध्ये गेले, फ्लोरा २०१२ मध्ये. २०१७ मध्ये त्यांच्या मुलांनी दुकान बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकले आणि २०२१ मध्ये स्टॅमफर्डला शाखा निघाली. मालकांची बाजू खोटी नाही: वारसांना पिढ्यान् पिढ्या भट्टीसमोर उभे राहण्याची सक्ती कोण करणार? आणि दुकान बंद पडण्यापेक्षा विकलेले बरे. पिठाचे प्रमाण लिहून ठेवता येते, कोळशाची भट्टी दुसऱ्या गावात बांधता येते. शाखेतला पिझ्झा उत्तमही असू शकतो. पण त्या गावात त्याच्यावरून भांडायला मामा-भाच्यांचे दोन तट नसतात.

मे २०२४ मध्ये वूस्टर स्क्वेअरमध्येच वाढलेल्या खासदार रोझा डिलॉरो यांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये न्यू हेवन ही देशाची पिझ्झा-राजधानी असल्याचे नोंदवले. न्यू यॉर्क आणि शिकागोने नाके मुरडली. न्यू हेवनमध्ये मात्र त्या वादापेक्षा जुनाच वाद मोठा आहे, आणि त्यात आता नवे लोक सामील झाले आहेत. शहरात आज आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिन अमेरिकन वंशाचे लोक मिळून बहुसंख्य आहेत. येलमध्ये शिकायला येणारी आपल्याकडची मुलेही वूस्टर स्ट्रीटच्या रांगेत दिसतात. त्यांचे आजोबा सार्जंटमध्ये नव्हते, तरी दोन-तीन वर्षांत त्यांचेही एक दुकान ठरते आणि बाकीच्या दोघांबद्दलच्या तक्रारी पाठ होतात. भट्ट्यांची मालकी कुणाकडेही गेली, तरी हा वाद जोवर रांगेत चालू आहे, तोवर त्या गावच्याच राहतील.