मसल कार विकून कंपनीला नेमकं उरतं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मागच्या महिन्यात गावाकडं गेलो होतो, तुळजापूरजवळ. चुलत भाऊ म्हणाला, "दादा, थार रॉक्स घ्यायची म्हणतोय. एवढी दणकट गाडी एवढ्या पैशात! कंपनीला काय उरत असंल?" मी कोड लिहिणारा माणूस, पण प्रश्न डोक्यात बसला. उत्तरासाठी आधी अमेरिकेत जाऊ, कारण हा खेळ तिथं जुना आहे.

मसल कार म्हणजे काय? दोन दारं, पुढं मोठं इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि किंमत नोकरदाराला झेपेल एवढी. फोर्डची मस्टँग 1964 ची. 2015 साली अमेरिकेत 1 लाख 22 हजारांवर मस्टँग विकल्या गेल्या. 2024 मध्ये फक्त 44 हजारांच्या आसपास. शेवरलेची कॅमॅरो आणि डॉजची चॅलेंजर तर डिसेंबर 2023 मध्ये बंदच झाल्या.

आता गणित बघा. समजा, नवीन गाडी डिझाइन करायला आणि साचे बनवायला 1000 कोटी लागले. 2 लाख गाड्या विकल्या तर हा बोजा गाडीमागं 50 हजार. 20 हजारच विकल्या तर 5 लाख! पत्रा तोच, टायर तेच, पण नफा गायब.

मग मस्टँग टिकली कशी? खर्च वाटून घेतला म्हणून. तिच्या 5 लिटर व्ही 8 इंजिनाचं घराणं फोर्डच्या एफ-150 पिकअपमध्येही चालतं, आणि एफ-सीरीजच्या गाड्या तिथं वर्षाला 7 लाखांच्या वर खपतात. सध्याच्या मस्टँगचा सांगाडाही बराचसा आधीच्याच पिढीचा आहे. एका बोअरवर दोन भावांची रानं भिजावीत, तसं.

आणि महाग गाडी म्हणजे जास्त नफा, असंही नाही. मस्टँग 2016 मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम 65 लाखांना. अमेरिकेत हीच व्ही 8 वाली तेव्हाच्या डॉलरच्या दरानं 22 लाखांच्या आसपास सुरू व्हायची. पण तेव्हा 3000 सीसीच्या वरची तयार पेट्रोल गाडी आयात केली की 100 टक्के सीमाशुल्क लागायचं, वर बाकीचे कर. म्हणजे किमतीतला मोठा वाटा सरकारचा. फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, तेव्हा दहा वर्षांतला तोटा 2 अब्ज डॉलरच्या वर असल्याचं सांगितलं. 65 लाखांची गाडी शोरूममध्ये असून कंपनी तोट्यात!

आता आपली थार. ती मसल कार नाही, काही मॉडेलांत चारही चाकांना ताकद मिळते अशी गाडी आहे. पण रुबाबाचं काम आपल्याकडं तीच करते. महिंद्रा ती नाशिकला बनवते. थारची इंजिनं ज्या घराण्यातली, तीच स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही 700 मध्येही आहेत. इथंही बोअर सामायिक! आणि मागणी बघा: 3 ऑक्टोबर 2024 ला रॉक्सचं बुकिंग उघडलं, पहिल्या तासात 1 लाख 76 हजारांवर नोंदी.

थोडक्यात, भावाच्या प्रश्नाचं उत्तर असं: गाडी स्वस्त वाटते ती कंपनी उदार म्हणून नाही. खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेलाय म्हणून.

मग मी त्याला दुसरं गणित दाखवलं. 15 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता महिन्याला साधारण 24,500, म्हणजे वर्षाला 2 लाख 94 हजार. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. हप्त्यालाच 55 क्विंटल लागतात! एकरी 8 क्विंटल धरले तर जवळपास सात एकरांचं सगळं पीक, बी-खत-मजुरी न धरता. आणि सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यातल्या रानांचं काय झालं, ते त्यानं डोळ्यानं पाहिलंय.

कंपनीची एक गाडी नाही खपली तर दुसरी खपते. आपलं रान मात्र एकच.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "यंदा थांबतो. पण घेणार थारच." म्हटलं, घे की, पण आधी रानाचा हिशोब लाव.

तुमच्या घरात असं गणित कुणी मांडलंय का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!