खेळाडूंची अदलाबदल : काही ज्ञातव्य गोष्टी

व्याख्या : लिलावाची वाट न पाहता, दुसऱ्या खेळाडूच्या अथवा रोख रकमेच्या मोबदल्यात, एका संघाने दुसऱ्या संघाकडे केलेले खेळाडूचे हस्तांतर म्हणजे अदलाबदल, अर्थात ‘ट्रेड’.

भेद : आयपीएलमध्ये अशा हस्तांतरास खेळाडूची संमती आणि क्रिकेट नियामक मंडळाची मंजुरी आवश्यक असते, अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये मात्र, करारनाम्यात हस्तांतरास मनाई करणारे कलम नसल्यास, संमती सामान्यतः लागत नाही, आणि नवोदितांच्या भावी निवडीचा हक्कही मोबदल्यात देता येतो.

गाजलेले व्यवहार :
• फेब्रुवारी २०२५ : लुका डॉनचिच, डॅलसहून लॉस एंजेलिस लेकर्सकडे.
• नोव्हेंबर २०२३ : हार्दिक पंड्या, गुजरातकडून मुंबईकडे, रोखीने.

अहिल्यानगर जिल्ह्यातील दाखले :
• श्रीरामपूरचे झहीर खान : २००९ मध्ये रॉबिन उथप्पा यांच्या बदल्यात बंगळूरकडून मुंबईकडे.
• संगमनेर तालुक्यात जन्मलेले अजिंक्य रहाणे : नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानकडून दिल्लीकडे.