तुरुंगातला धर्मबोध : लिंकन ते धुळे

इंग्लंडमधील लिंकनच्या किल्ल्यात 1848 साली उभारलेल्या तुरुंगाचे प्रार्थनामंदिर आजही पाहायला मिळते. उतरत्या पायऱ्यांवर उंच लाकडी कप्पे आणि एका कप्प्यात एकच कैदी. शेजारी कोण उभा आहे ते कळू नये आणि समोरचा पाद्री तेवढा दिसावा, अशी ही रचना. लंडनचा पेंटनव्हिल तुरुंग 1842 मध्ये याच विचाराने सुरू झाला होता. तिथे कोठडीबाहेर पडताना कैद्याला तोंड झाकणारी टोपी घालावी लागे. वाईट संगत तोडून हाती बायबल दिले की माणूस पश्चात्तापाकडे वळेल, यावर ही पद्धत आणणाऱ्या सुधारकांची मनापासून श्रद्धा होती. प्रत्यक्षात एकांताने अनेकांची मने ढासळली, काहींना वेड लागले. शेवटी ती पद्धतच मागे पडली.

यापेक्षा अगदी वेगळा धर्मबोध खानदेशात घडला. 1932 साली सविनय कायदेभंगात पकडलेले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते, आणि विनोबा भावे त्यांच्यातलेच एक. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजी समोर बसून ती भराभर उतरवून घेत होते. बोलणारा कैदी, ऐकणारे कैदी आणि लिहिणाराही कैदीच! ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असे जन्माला आले. पुढे अनेक भाषांत गेलेल्या या पुस्तकाला पांडित्याचे ओझे नाही, कारण ते सोबत शिक्षा भोगणाऱ्यांशी केलेले बोलणे आहे.

पुढच्याच वर्षी साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. 9 फेब्रुवारी 1933 रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि 13 फेब्रुवारीला ते पुरे केले. महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेले हे संस्कारांचे पुस्तकही तुरुंगातलेच.

धुळ्याचे श्रोते राजबंदी होते, चोर-दरोडेखोर नव्हते, हे खरे. पण ज्याला उपदेश करायचा त्याच्या पंक्तीला बसावे लागते, हे सूत्र इतर कैद्यांनाही लागू पडते. जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात 1975 साली विपश्यना या ध्यानपद्धतीचे शिबिर झाले. किरण बेदी दिल्लीच्या तिहार तुरुंगाच्या प्रमुख असताना 1993 मध्ये तिथे शिबिरे सुरू झाली आणि एप्रिल 1994 मध्ये विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या मार्गदर्शनाखाली हजारावर कैदी एकाच शिबिरात बसले. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, तुरुंगाचे कर्मचारीही या साधनेला बसले. पहारेकऱ्याने स्वतः डोळे मिटून आपल्या मनाकडे पाहिले, तर कैद्याला केलेल्या उपदेशाला वजन येते.

आज आपल्या तुरुंगांत सण साजरे होतात, भजने होतात, नमाज पढली जाते, प्रवचनकार येतात. हे सारे हवेच. श्रद्धा हा कैद्याचा हक्क आहे, तिची सक्ती मात्र कुणावरही नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर देशातील सुमारे 76 टक्के कैदी कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, त्यांना आधी पश्चात्ताप शिकवायचा की वेळेवर वकील आणि तारीख मिळवून द्यायची?

त्याहून बोचरी गोष्ट जातीची. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे हे जातीवरून ठरत होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. सकाळी जात पाहून झाडू हाती द्यायचा आणि संध्याकाळी समतेचे प्रवचन ऐकवायचे, असा धर्मबोध कुणाच्या गळी उतरणार?

म्हणून कारागृहाच्या दारात प्रवचनकार नेणाऱ्या संस्थांना एक विनंती आहे. प्रवचन जरूर ठेवा, पण त्याआधी आतल्या माणसांसोबत जमिनीवर बसून त्यांचे म्हणणे ऐका. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा अर्थ त्यांना समजावून सांगा आणि बराकीत तो पाळला जातो की नाही, हेही विचारा.